क्रेडिट कार्डाचे बिल



आज तुम्ही नववी-दहावीत आहात. आणखी तीन-चार वर्षांनी तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल. पुढे शिक्षण संपेल, नोकरी लागेल, दरमहा पगार बँकेत जमा होऊ लागेल. मग एके दिवशी तुम्हांला फोन येईल, "अभिनंदन! तुमच्यासाठी क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे." त्या दिवशी या पाठाची आठवण झाली, तर बरे होईल. मला तसा फोन आला, तेव्हा असा पाठ मी कुठे वाचलेला नव्हता.

आधी काही शब्द पाहू. कार्डाच्या बिलावर जे शब्द येतात, त्यांपैकी निम्मे तुम्हांला घरीच ठाऊक आहेत. रक्कम, बाकी, कर्ज, मुदत, तारीख, वसूल, खर्च हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. काही मात्र नवे आहेत. उर्दूत ज्याला आपण सूद म्हणतो, त्याला मराठीत व्याज म्हणतात. सूद दर सूद म्हणजे चक्रवाढ व्याज. मूळ दिलेली रक्कम, म्हणजे असल, ती मुद्दल. 'देय' म्हणजे जे द्यायचे आहे ते, वाजिबुल-अदा. आणि 'किमान' म्हणजे कमीत कमी. हा शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवा. या पाठात सर्वांत जास्त त्रास तोच देणार आहे.

आता कार्डाकडे वळू. दुकानात तुम्ही दोन प्रकारची कार्डे पाहिली असतील. दिसायला ती सारखीच असतात. डेबिट कार्डाने आपण आपल्याच खात्यातले पैसे खर्च करतो. खात्यात पाचशे रुपये असतील, तर पाचशेचीच वस्तू घेता येते. क्रेडिट कार्डाने आपण बँकेचे पैसे खर्च करतो. दुकानदाराला पैसे बँक देते आणि महिन्याच्या शेवटी आपल्याला बिल पाठवते. क्रेडिट या इंग्रजी शब्दाचा इथला अर्थ पत, उर्दूत साख. आपल्या गल्लीतला किराणा दुकानदार ओळखीच्या माणसाला उधार देतो आणि वहीत लिहून ठेवतो. कार्ड म्हणजे तीच उधारीची वही, फक्त ती बँकेच्या संगणकात आहे. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने असे कार्ड काढले. तेव्हा ते मोठ्या शहरांतल्या थोड्या लोकांपुरते होते. आज लहान गावांतही ते पोहोचले आहे. २०२२ पासून तर रुपे क्रेडिट कार्ड फोनला जोडून क्यूआर कोडवरही उधारी करता येते. चहाच्या टपरीवरचे दहा रुपयेसुद्धा आता कर्ज होऊ शकतात!

तुम्ही विचाराल, बँक फुकट उधार का देते? बँक फुकट देत नाही. प्रत्येक खरेदीमागे दुकानदाराच्या पैशातून थोडी रक्कम कापली जाते आणि तिचा वाटा बँकेला मिळतो. बहुतेक कार्डांना वार्षिक शुल्क असते. आणि तिसरी कमाई व्याजाची. वेळेवर सगळे पैसे भरणाऱ्या माणसाकडून बँकेला फारसे काही मिळत नाही. थोडे थोडे भरत राहणारा माणूस मात्र बँकेला फार आवडतो.

मी काही काळ तसा माणूस होतो. ती हकिकत सांगतो.

२०१८ साल होते. मी मालेगावात राहत होतो. शिक्षण सेवकाची तीन वर्षे नुकतीच संपली होती आणि मला नियमित वेतन सुरू झाले होते. एका बँकेचा माणूस शाळेच्या शिक्षक खोलीत आला. त्याने चहा घेतला आणि सांगितले, "सर, पन्नास दिवसांपर्यंत एक पैसाही व्याज नाही." मी अर्जावर सही केली.

घरी अब्बांना सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यात सूद आहे का?" माझे अब्बा तीस वर्षे यंत्रमागावर काम करत होते. घरात किती तरी वेळा तंगी आली, पण त्यांनी व्याजाने पैसे कधी घेतले नाहीत. मी ठामपणे म्हणालो, "नाही अब्बा. वेळेवर भरले तर बिलकूल नाही."

माझे बोलणे खोटे नव्हते. पण 'वेळेवर भरले तर' या तीन शब्दांचा अर्थ मला स्वतःलाच कळला नव्हता.

त्या वर्षी ईद १६ जूनला होती. १० जूनला मी कार्डावर वीस हजारांचा फ्रीज घेतला. अम्मीला फार आनंद झाला. ५ जुलैला बिल आले. त्यावर दोन रकमा होत्या. 'एकूण देय रक्कम : २०,००० रुपये.' 'किमान देय रक्कम : १,००० रुपये.' भरण्याची शेवटची तारीख २५ जुलै होती. त्याच महिन्यात बहिणीच्या कॉलेजच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. मला वाटले, बँक स्वतःच म्हणते आहे की एक हजार चालतील, तर बाकीचे पुढच्या महिन्यात देऊ. २५ जुलैला मी एक हजार रुपये भरले. वेळेवर भरले.

५ ऑगस्टला दुसरे बिल आले. दरम्यान मी कार्डावर एक रुपयाचीही खरेदी केली नव्हती. तरी एकूण देय रक्कम होती २०,५०६ रुपये.

एक हजार रुपये भरल्यावर कर्ज पाचशे रुपयांनी वाढले! मी बिल घेऊन बसलो होतो. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "बेटा, हे बाराशे शहात्तर कशाचे?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ते उठले आणि नमाजला निघून गेले.

ते १,२७६ रुपये कशाचे होते, हे आता आपण पाहू. हा हिशोब तुम्हांला जमणार आहे. आठवीच्या गणितात तुम्ही यापेक्षा अवघड उदाहरणे सोडवली आहेत.

माझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के होता. आजही बहुतेक कार्डांवर तो याच्या आसपास असतो. साडेतीन हा आकडा ऐकायला छोटा वाटतो. पण तो महिन्याचा आहे. बाराने गुणा. वर्षाचे बेचाळीस टक्के झाले. न भरलेले व्याज मुद्दलात मिळवत गेले, तर वर्षाला एक्कावन्न टक्क्यांच्या वर जाते. तुलना करून पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ टक्के आणि इतरांकडून १८ टक्के व्याजाची मर्यादा ठरवून दिली गेली. गोष्टींतला सावकार आपल्याला दुष्ट वाटतो, आणि बेचाळीस टक्क्यांचे कार्ड आपण खिशात घालून मिरवतो. बँकेला तो कायदा लागू नाही, एवढाच फरक.

आता माझे बिल. वीस हजारांवर वर्षाचे ४२ टक्के म्हणजे ८,४०० रुपये. त्याला ३६५ ने भागले की एका दिवसाचे व्याज मिळते : सुमारे तेवीस रुपये. १० जूनपासून २५ जुलैपर्यंत ४५ दिवस होतात. त्याचे व्याज १,०३६ रुपये. २५ जुलैला मी एक हजार भरले, म्हणून पुढचे ११ दिवस व्याज १९,००० रुपयांवर लागले. ते २४० रुपये. बेरीज झाली १,२७६. या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागतो. तो २३० रुपये. उरलेल्या एकोणीस हजारांत हे सर्व मिळवा. २०,५०६ येतात.

इथे तुमच्यापैकी हुशार विद्यार्थी हात वर करील आणि विचारील, "सर, व्याज १० जूनपासून का? भरण्याची तारीख तर २५ जुलै होती ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. साऱ्या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे.

बिनव्याजी मुदत ही सवलत आहे, आणि ती एका अटीवर मिळते : देय तारखेपर्यंत बिलाची पूर्ण रक्कम भरली पाहिजे. अट मोडली की सवलत जाते. ती फक्त पुढच्या दिवसांसाठी जात नाही, मागच्या दिवसांसाठीही जाते. जणू ती कधी मिळालीच नव्हती. मग खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते. एवढ्यावरही भागत नाही. मागच्या बिलातली बाकी शिल्लक असेल, तोपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तुम्ही आज साबण घेतला, तर आजपासूनच त्यावर व्याज. म्हणून बाकी असताना कार्ड बाजूला ठेवावे आणि रोख पैशांनी खरेदी करावी. अनेक लोक नेमके उलटे करतात. कार्डाचे हप्ते भरून हातात रोख उरत नाही, म्हणून घरखर्चालाही कार्डच वापरतात.

माझ्या त्या बिलानंतर नियमांत काही सुधारणा झाल्या आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी सविस्तर निर्देश दिले. पैसे भरल्यावर जी रक्कम उरते, फक्त तिच्यावरच व्याज लावावे, असे त्यांत सांगितले आहे. न भरलेले शुल्क आणि कर यांवर व्याज चढवायचे नाही, हेही सांगितले आहे. या पद्धतीने माझे बिल सुमारे साठ रुपयांनी कमी आले असते. पण उरलेल्या एकोणीस हजारांवर खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज चुकले नसते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या व्याजाला सरकार किंवा न्यायालय मर्यादा का घालत नाही? तसा प्रयत्न झाला होता. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने निकाल दिला की, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला सोळा वर्षे चालला. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो निकाल रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाच्या नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा तीस टक्क्यांची ती मर्यादा आता नाही.

आता त्या 'किमान' शब्दाकडे येऊ. किमान देय रक्कम कशी काढतात? प्रत्येक बँकेची रीत थोडी वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी बाकीच्या सुमारे पाच टक्के रक्कम धरतात आणि त्यात कर, शुल्क, काही हप्ता चालू असेल तर तो मिळवतात. ही रक्कम भरली की बँक तुम्हांला थकबाकीदार ठरवत नाही आणि उशिराचा दंड लावत नाही. बस, एवढाच तिचा उपयोग. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. बिलावर हा आकडा ठळक छापलेला असतो. फोनवर संदेश येतो, त्यातही तो असतो. तो सर्वांत लहान असतो, म्हणून आपली नजर तिथेच जाते.

समजा, एका माणसाच्या कार्डावर २०,००० रुपये बाकी आहे. तो नवी खरेदी अजिबात करत नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे दोन्ही मिळून दरमहा ४.१३ टक्के. तो प्रत्येक बिलाचे पाच टक्के न चुकता भरतो. पहिल्या महिन्यात बाकी २०,८२६ होते. तो १,०४१ रुपये भरतो. उरले १९,७८५. हजाराहून जास्त रुपये गेले आणि कर्ज उतरले २१५ रुपयांनी.

असे एक वर्ष चालले. वर्षभरात त्याने सुमारे ११,७८० रुपये भरले. बाकी किती उरली? सुमारे १७,५६० रुपये. पुढेही तो असाच भरत राहिला, तर कर्ज अर्धे व्हायला चौसष्ट महिने लागतात. चौसष्ट महिने म्हणजे पाच वर्षे चार महिने. आज सहावीत असलेले मूल तोपर्यंत अकरावीत गेलेले असेल. त्या काळात त्याने अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त रुपये भरलेले असतात, आणि दहा हजार अजून द्यायचेच असतात. फ्रीज एक, किंमत वीस हजार.

या माणसाने एकही तारीख चुकवलेली नाही, हे ध्यानात घ्या. बँकेच्या दृष्टीने तो प्रामाणिक ग्राहक आहे.

आता दुसरा माणूस घ्या. कर्ज तेवढेच, व्याज तेवढेच. पण त्याने किमान रकमेकडे पाहणे सोडले आणि दरमहा ठरवून दोन हजार भरले. त्याचे कर्ज चौदाव्या महिन्यात फिटते. एकूण भरणा सुमारे २६,३०० रुपये. पहिल्याचा हप्ता हजाराच्या आसपास सुरू होऊन घटत गेला. दुसऱ्याचा दोन हजारांवर कायम राहिला. हप्ता घटत जातो, तेव्हा आपल्याला वाटते ओझे कमी झाले. खरे तर कर्जाचे आयुष्य वाढलेले असते. घरी वहीवर हे दोन्ही हिशोब मांडून पाहा. मी दरवर्षी दहावीच्या वर्गात ते मांडायला सांगतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्याला मुले कंटाळतात आणि विचारतात, "सर, हे संपणार कधी?"

रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनुसार प्रत्येक बिलावर एक सूचना ठळकपणे छापावी लागते. तिचा आशय असा : दरमहा फक्त किमान रक्कम भरली, तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि बाकीवर चक्रवाढ व्याज द्यावे लागेल. बँक स्वतःच हे छापते. पण वाचतो कोण? माझ्या २०१८ च्या बिलावरही मागच्या पानावर बारीक अक्षरांत बरेच काही होते. मी पान उलटलेच नाही.

आता तारखांचे गणित. प्रत्येक कार्डाच्या दोन तारखा असतात. एक बिल तयार होण्याची, दुसरी पैसे भरण्याची. माझ्या कार्डाचे बिल ५ तारखेला होत असे आणि पैसे २५ तारखेपर्यंत भरावे लागत. समजा, तुमचेही कार्ड असेच आहे. तुम्ही ६ जूनला शिलाई मशीन घेतले. ते ५ जुलैच्या बिलात येईल आणि पैसे २५ जुलैपर्यंत द्यावे लागतील. तुम्हांला ४९ दिवस मिळाले. आता तेच मशीन तुम्ही ४ जुलैला घेतले असे धरा. दुसऱ्याच दिवशी बिल निघाले. देय तारीख तीच, २५ जुलै. या वेळी मिळाले फक्त २१ दिवस. 'पन्नास दिवसांपर्यंत' या शब्दांत 'पर्यंत' महत्त्वाचे आहे, पन्नास नव्हे. शिक्षक खोलीत चहा पिताना मी फक्त पन्नास ऐकले होते.

देय तारीख चुकली तर काय होते? विलंब शुल्क लागते. मात्र देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच ते लावता येते, असा नियम आहे. या तीन दिवसांवर विसंबून राहू नका. सुट्टी येते, नेट बंद पडते, आणि पैसे दुसऱ्या बँकेतून पोहोचायला वेळ लागतो. थकबाकीची नोंद पत माहिती कंपन्यांकडेही जाते. तुम्ही 'सिबिल' हे नाव ऐकले असेल. ती अशीच एक कंपनी आहे. ती प्रत्येक कर्जदाराला ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण देते. पुढे घरासाठी किंवा रिक्षासाठी कर्ज मागायला गेलात, की बँक आधी हे गुण पाहते.

कार्डाने एटीएममधून रोख पैसेही काढता येतात. हे करू नये, एवढेच सांगतो. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते. पैसे हातात पडले त्या दिवसापासून व्याज सुरू होते आणि वर वेगळे शुल्क लागते.

दरमहा विसरायला नको म्हणून बँकेला कायमची सूचना देऊन ठेवता येते. म्हणजे देय तारखेला तुमच्या बचत खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. सोय चांगली आहे. पण अर्ज भरताना तिथेही दोन चौकोन असतात : 'एकूण देय' आणि 'किमान देय'. माझ्या एका सहकाऱ्याने घाईत दुसऱ्या चौकोनात खूण केली होती. आपले बिल दरमहा भरले जाते, अशा समजुतीत ते सात महिने निश्चिंत होते.

बिलात चूक दिसली तर गप्प बसू नये. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला काही शुल्क लागत नाही. कार्ड नकोसे झाले तर बंद करता येते. सगळी बाकी भरून अर्ज केला, की बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. उशीर झाला तर बँकेला ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये द्यावे लागतात. हा नियम फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

माझ्या फ्रीजचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. अम्मी गल्लीतल्या बायकांच्या भिशीत होती. वीस जणी दरमहा प्रत्येकी एक हजार रुपये जमवत आणि पाळीपाळीने एकीला सर्व रक्कम मिळे. ऑगस्टमध्ये अम्मीची पाळी होती. तिने ते वीस हजार माझ्यापुढे ठेवले. भिशीत व्याज नसते. वीसजणींचा एकमेकींवर विश्वास असतो, तेवढ्यावर ती चालते. मी त्यात माझे ५०६ घातले आणि १० ऑगस्टला सगळे बिल भरले. पुढे वर्षभर अम्मीच्या हातात मी दरमहा पैसे देत गेलो.

मला वाटले, प्रकरण संपले. ५ सप्टेंबरला आणखी एक बिल आले : १३९ रुपये. ५ ऑगस्टपासून १० ऑगस्टपर्यंत पाच दिवसांचे व्याज ११८ रुपये आणि कर २१. बिल निघाल्यानंतर आणि पैसे भरण्यापूर्वी जे दिवस जातात, त्यांचे व्याज असे मागून येते. पुष्कळ लोक इथे फसतात. सगळे फेडले म्हणून ते पुढचे बिल उघडतच नाहीत, आणि शे-सव्वाशे रुपयांवर दंड चढत जातो. म्हणून जुनी बाकी फेडल्यावर पुढची दोन बिले तरी उघडून पाहावीत.

ते १३९ रुपये मी त्याच दिवशी भरले आणि पावती अब्बांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली. म्हणाले, "आता किती राहिले?" मी म्हणालो, "काही नाही." कार्ड मी बंद केले नाही. आजही ते माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या २० तारखेला अब्बा विचारतात, "भरलेस का? सगळे?"

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. एका कार्डाचे बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघते आणि पैसे पुढच्या महिन्याच्या २ तारखेपर्यंत भरायचे असतात. मागची बाकी काही नाही. या कार्डावर २० ऑगस्टला एक सायकल घेतली, आणि ११ सप्टेंबरला एक पंखा घेतला. सायकलीचे पैसे किती दिवस बिनव्याजी वापरता येतील? पंख्याचे किती? आणि २ ऑक्टोबरला सायकलीचे पैसे भरले, पंख्याचे राहू दिले, तर व्याज कोणत्या तारखेपासून लागेल?